ब्रूजच्या कालव्यांकाठी कॅमेरा घेऊन जाताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्या वाचकांकडून बेल्जियममधील ब्रूज या मध्ययुगीन कालव्यांच्या शहराविषयी बरेच प्रश्न आले आहेत. काही प्रश्न प्रवासाच्या व्यवस्थेचे आहेत, पण बहुतेक छायाचित्रणाचे आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या सहल कंपनीच्या कार्यक्रमात ॲमस्टरडॅमहून ब्रसेल्सला जाताना ब्रूजसाठी तीन तास ठेवलेले आहेत. तेवढ्या वेळात शहर पाहून होईल का, की सहलीचा नाद सोडून आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे जावे? (ठाण्याच्या एक वाचक)

शहर पाहून होईल, पण छायाचित्रे मनासारखी मिळणार नाहीत. याचे कारण तीन तास कमी पडतात हे नसून ते तीन तास दिवसाच्या कोणत्या भागात येतात हे आहे. सहलींच्या बस साधारण अकराच्या सुमारास येतात आणि चार-पाचच्या आत परततात. त्या वेळेत ऊन डोक्यावर असते, अरुंद गल्ल्यांत निम्मी भिंत लख्ख आणि निम्मी काळोखी दिसते आणि कालव्यांतून सहलीच्या होड्या सतत फिरत असल्यामुळे पाण्यात एकही प्रतिबिंब धड उमटत नाही. त्याच घाटावर सकाळी सातला उभे राहिलात, तर पाणी आरशासारखे असते आणि माणूस क्वचितच दिसतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की ब्रूजमध्ये एक रात्र मुक्काम करावा आणि त्यासाठी सहलीतला दुसरा एखादा थांबा सोडावा लागला तरी हरकत मानू नये.

स्वतंत्रपणे जाणे मुळीच अवघड नाही. ब्रसेल्सहून थेट गाड्या दिवसभर सुटतात आणि सुमारे तासाभरात पोहोचवतात. घेंटहून तर अर्धा तासही पुरतो. ॲमस्टरडॅमहून मात्र गाडी बदलून तीन तासांहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे तेथून एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा बेत आखू नये. फलाटावरच्या फलकांवर शहराचे डच नाव, म्हणजे ब्रुग्गे, लिहिलेले असते, ते ओळखीचे करून ठेवावे. स्थानकापासून मार्क्ट हा मुख्य चौक पायी वीस मिनिटांवर आहे. सामान असेल तर स्थानकातील लॉकरमध्ये ठेवता येते किंवा शहर बसने जाता येते.

सहलीबरोबरच जाणे भाग असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बसचा तळ शहराच्या दक्षिण टोकाला आहे. तेथून उतरलेली गर्दी मिनेवॉटर तलाव, बेगेनहोफ ही पांढऱ्या घरांची जुनी वस्ती, अवर लेडीचे (म्हणजे मेरीचे) चर्च, रोझेनहूटकाय घाट, बुर्ग चौक आणि मार्क्ट याच ओळीने सरकत जाते. या ओळीच्या उत्तरेला यान फान आइक चौक आणि त्याला लागून असलेला स्पीगेलराय कालवा आहे. मार्क्टपासून तो काही मिनिटांच्या अंतरावर असूनही भर दुपारी बराच शांत असतो. गर्दीच्या ओळीतली ठिकाणे डोळ्यांनी पाहून घ्यावीत आणि कॅमेऱ्यासाठीचा वेळ या बाजूला राखून ठेवावा.

प्रश्न : माझ्याकडे साधा मिररलेस कॅमेरा आणि दोन लेन्स आहेत. कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी उभे राहावे, हे दिशांसह सांगितलेत तर उपकार होतील. इंटरनेटवर सगळीकडे एकाच घाटाचे चित्र दिसते. (कोल्हापूरचे एक वाचक)

तो घाट म्हणजे रोझेनहूटकाय. पाण्यातून थेट वर आलेली लाल विटांची घरे आणि त्यांच्या माथ्यावरून डोकावणारा 83 मीटर उंचीचा बेल्फोर्ट, म्हणजे शहराचा घंटामनोरा, असा तो देखावा आहे. तो सगळ्यांनी टिपला म्हणून आपण टाळावा, असे मुळीच नाही. मात्र येथे आपण साधारण वायव्येकडे तोंड करून उभे असतो, हे लक्षात घ्यावे. सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून येऊन विटांवर पडते आणि त्यांचा तांबूस रंग खुलतो. उन्हाळ्यातला मावळता सूर्य मात्र समोरच्या बाजूला उतरतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या आधीच्या तासात इमारती काळवंडतात आणि आकाश पांढरे फटक येते. संध्याकाळी जायचे असेल, तर सूर्य मावळल्यानंतर वीस मिनिटांनी जावे. इमारतींवरचे दिवे लागलेले असतात, आकाशात निळाई शिल्लक असते आणि दोहोंचा उजेड काही मिनिटे जवळजवळ सारखा होतो. छायाचित्रकार ज्याला ब्लू अवर म्हणतात तो हाच वेळ, आणि नावात अवर असले तरी तो पाऊण तासही टिकत नाही. त्यामुळे चौकट आधीच ठरवून ठेवावी.

या वेळी कॅमेरा हातात धरून भागत नाही. घाटाच्या कठड्यावर तो टेकवावा किंवा लहान तिपाई वापरावी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 100 ते 200 ठेवावा, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ 8 च्या आसपास ठेवावे आणि शटर काही सेकंद उघडे राहू द्यावे. बटण दाबताना बसणारा हिसका टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. सगळ्या इमारती पिवळ्याधमक दिसू लागल्या, तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) स्वतः ठरवावा किंवा रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात टिपून घरी दुरुस्त करावा. मोठी तिपाई पसरून घाट अडवणाऱ्यांबद्दल स्थानिकांना काय वाटते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

मार्क्ट चौकाचे गणित याच्या उलट आहे. बेल्फोर्ट चौकाच्या दक्षिण बाजूला उभा असल्यामुळे दुपारी सूर्य त्याच्या मागे असतो आणि सहलीतल्या बहुतेक छायाचित्रांत मनोऱ्याची नुसती काळी आकृती येते. त्याच वेळी पाठ फिरवावी, कारण चौकाच्या उत्तरेकडील पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्याची रंगीत घरे तेव्हा उन्हात न्हाऊन निघालेली असतात. पूर्वेकडची प्रोव्हिन्सियाल होफ ही प्रांतिक सरकारची जुनी इमारत संध्याकाळच्या उन्हात उत्तम दिसते. खुद्द मनोरा हवा असेल, तर उन्हाळ्यातली अगदी पहाट गाठावी किंवा ढगाळ दिवसाची वाट पाहावी.

स्पीगेलरायच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेला पाहिले, की कालव्याच्या शेवटी पोर्टर्सलोज या जुन्या व्यापारी सभागृहाचा निमुळता मनोरा दिसतो. सकाळी ही चौकट रोझेनहूटकायपेक्षा सरस ठरते, असे आम्हांला वाटते. मिनेवॉटरच्या दक्षिणेकडील पुलावरून उत्तरेला पाहिले असता तलावाच्या पलीकडे अवर लेडी चर्चचा 115 मीटरहून उंच विटांचा मनोरा येतो आणि सूर्य दिवसाचा बराच काळ आपल्या पाठीशी राहतो. शहराच्या पूर्व सीमेवर जुन्या तटाच्या मातीच्या बांधावर चार पवनचक्क्या आहेत. त्यांपैकी 1770 मधली सिंत-यान्सहाउसमोलेन आजही मूळ जागी उभी आहे. सूर्योदयासाठी ही जागा चांगली आहे, आणि तेथे सकाळी धावणाऱ्यांखेरीज फारसे कोणी नसते.

लेन्सबाबत एवढेच सांगता येईल की येथील गल्ल्या अरुंद असल्यामुळे 24 मिलिमीटरच्या आसपासची रुंद लेन्स अधिक वेळा लागते. पण कॅमेरा वर करून मनोरे टिपले, तर ते मागे कलल्यासारखे दिसतात. शक्य तितके मागे सरकून कॅमेरा सरळ धरावा. पोलरायझर फिल्टर जपून वापरावा. तो पाण्यावरची चमक काढून टाकतो आणि त्याबरोबर आपण ज्यासाठी तेथे उभे असतो, ते प्रतिबिंबही पुसून टाकतो.

प्रश्न : मी फक्त मोबाइल नेणार आहे. होडीतून चांगले फोटो येतात का? (नाशिकची एक विद्यार्थिनी)

येतात, पण बसण्याची जागा महत्त्वाची आहे. होड्या मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतात, फेरी साधारण अर्ध्या तासाची असते आणि धक्के पाच आहेत. आगाऊ आरक्षणापेक्षा रांगेत उभे राहण्याचीच तेथे रीत आहे. सकाळी पहिल्या होडीच्या आधी रांगेत लागलात, तर कडेची किंवा अगदी पुढची जागा मिळते. मधल्या रांगेत बसलात, तर प्रत्येक फोटोत दुसऱ्याचा खांदा येतो. होडी हलत असते, म्हणून मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग सेकंदाच्या 250 व्या भागापेक्षा कमी ठेवू नये. ती सोय नसेल, तर बर्स्टमध्ये एकापाठोपाठ फोटो काढून त्यांतला स्थिर निवडावा. पूल इतके ठेंगणे आहेत की काही ठिकाणी उंच प्रवाशांना मान खाली घालावी लागते. पुलाखालच्या अंधारातून पलीकडचा उजेड कमानीत दिसू लागतो, तेव्हा स्क्रीनवर उजळ भागाला स्पर्श करून एक्स्पोजर (चित्रात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण) तेथे बांधावे, म्हणजे कमान काळी येऊन पलीकडचा कालवा नीट उमटतो. मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी मात्र लावावी.

लेन्स पुसण्यासाठी मऊ कापड जवळ ठेवावे. या भागात वर्षातल्या कोणत्याही महिन्यात पाऊस येऊ शकतो आणि पाण्याच्या एका थेंबाने रात्रीचे सगळे दिवे फुटल्यासारखे दिसतात. पावसाला कंटाळून खोलीत बसू नये; ओल्या दगडी फरसबंदीवर दिव्यांचे जे रंग उतरतात, ते कोरड्या रात्री मिळत नाहीत.

प्रश्न : आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत आहेत. पैठणी नेसून कालव्याकाठी फोटो काढण्याची पत्नीची इच्छा आहे. हे तेथे विचित्र दिसेल का आणि फोटो कसे काढावेत? (पुण्याचे एक वाचक)

विचित्र मुळीच दिसणार नाही. विवाहाची आणि वाढदिवसाची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी तेथे रोज दिसतात. पैठणीच्या रंगाचा मात्र विचार करावा. ब्रूजमधील बहुतेक भिंती लाल-तपकिरी विटांच्या आहेत, त्यामुळे लाल, कुसुंबी किंवा तपकिरी पैठणी पार्श्वभूमीत विरून जाते. मोरपंखी, हिरवी, पिवळी किंवा जांभळी पैठणी उठून दिसते. बेगेनहोफच्या पांढऱ्या भिंतींसमोर लाल पैठणी शोभली असती, पण ती जागा अशा छायाचित्रणासाठी योग्य नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे.

जरीकाम कडक उन्हात चकाकते आणि पदरावरचे मोर दिसेनासे होतात, म्हणून ढगाळ सकाळ सर्वांत चांगली. ऊन असेल, तर इमारतीच्या सावलीत उभे राहावे आणि चेहरा मोकळ्या आकाशाकडे असावा. ग्रुनेराय हा झाडांनी वेढलेला कालवा यासाठी आम्ही सुचवू. त्याच्यावर जुने दगडी पूल आहेत आणि रोझेनहूटकायसारखी रेटारेटी तेथे नसते. फोटो काढणाऱ्याने गुडघ्यावर बसून कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरावा, म्हणजे निऱ्यांचा घेर आणि पदर पूर्ण येतात आणि माणूस बुटका दिसत नाही. दगडी फरसबंदीवर टाचांच्या चपला टिकत नाहीत. चालताना बूट घालावेत, चपला पिशवीतून न्याव्यात आणि काठ ओल्या दगडांवरून लोळणार नाहीत इतकी साडी उंच नेसावी. एप्रिल-मे महिन्यांतही सकाळी गारठा असतो, त्यामुळे ब्लाउजच्या आत पातळ थर्मल घातले तर चेहऱ्यावरचे हसू टिकून राहते.

प्रश्न : हे शहर इतके जुने कसे काय टिकले? की पर्यटकांसाठी नव्याने सजवले आहे? (औरंगाबादचे एक निवृत्त शिक्षक)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1134 मधील वादळाने समुद्रकिनारा फुटून झ्विन ही खाडी तयार झाली आणि ब्रूजला समुद्राची वाट मिळाली. पुढची काही शतके इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड आणि इटलीच्या व्यापाऱ्यांचा पैसा येथे एकत्र आला. येथील फान डेर बुर्से या कुटुंबाच्या खाणावळीजवळ व्यापारी जमत आणि अनेक युरोपीय भाषांतील शेअर बाजाराचे ‘बोर्स’सारखे नाव त्याच कुटुंबावरून आले, असे मानले जाते. पुढे झ्विन गाळाने भरत गेली, 1500 च्या सुमारास व्यापार अँटवर्पकडे वळला आणि ब्रूज गरीब झाले. जुनी घरे पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, म्हणून ती राहिली. युनेस्कोने 2000 मध्ये शहराचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्याच्या मुळाशी असे दारिद्र्य आहे.

मात्र जुने दिसणारे सगळेच जुने नाही. एकोणिसाव्या शतकात पर्यटक येऊ लागल्यावर अनेक इमारती गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन धाटणीत नव्याने बांधल्या किंवा दुरुस्त केल्या गेल्या. अवर लेडी चर्चमागचा छोटासा बोनिफासिउस पूल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शेवाळलेले दगड, खाली संथ पाणी, बाजूला लाकडी पाखी असलेली घरे, असा तो पूल पाहून कोणालाही तो चौदाव्या शतकातला वाटावा. प्रत्यक्षात तो 1910 च्या सुमाराचा आहे. पूल सुंदरच आहे आणि त्याचे छायाचित्र अवश्य काढावे, पण त्याखाली ‘मध्ययुगीन पूल’ असे लिहू नये. खरे मध्ययुगीन बांधकाम हवे असेल, तर बुर्ग चौकातील नगरभवन पाहावे, ज्याचे काम 1376 मध्ये सुरू झाले.

प्रश्न : चर्चमध्ये, संग्रहालयांत आणि त्या पांढऱ्या घरांच्या आवारात छायाचित्रण चालते का? ड्रोन नेता येईल का? (रत्नागिरी आणि मुंबई येथून आलेली पत्रे)

ड्रोन घरी ठेवावा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला नोंदणी करावी लागते आणि दाट वस्तीवर, गर्दीवर तो उडवणे पर्यटकाच्या आवाक्यातले नाही.

पांढऱ्या घरांचे आवार म्हणजे बेगेनहोफ. 1245 च्या सुमारास स्थापन झालेल्या या वस्तीत संन्यासाची पूर्ण दीक्षा न घेता धार्मिक जीवन जगणाऱ्या स्त्रिया राहत असत. आता तेथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी आणि काही एकट्या स्त्रिया राहतात. आवारात शांतता पाळावी, अशी पाटी दारातच आहे. वसंतात उंच झाडांखाली पिवळ्या डॅफोडिलांचा गालिचा पसरतो आणि त्याचे छायाचित्र वाटेवरून घेण्यास अडचण नाही. पण खिडक्यांत लेन्स घालणे, जोगिणींचे चेहरे टिपणे किंवा नटूनथटून छायाचित्रणाचे सत्र करणे कृपया टाळावे. पांढऱ्या भिंतींमुळे कॅमेरा फसतो आणि चित्र करडे येते; एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दरवाजे बंद होतात.

अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी माता-बालकाची मूर्ती आहे. ती त्याच्या हयातीतच ब्रूजच्या व्यापाऱ्यांनी विकत घेऊन आणली. पुढे फ्रेंचांनी आणि 1944 मध्ये जर्मनांनी ती पळवली. दुसऱ्या वेळी ती ऑस्ट्रियातील आल्टआउसे येथील मिठाच्या खाणीत सापडली. ती काही अंतरावरूनच पाहता येते, म्हणून 70 ते 100 मिलिमीटरची लेन्स उपयोगी पडते. फ्लॅश आणि तिपाई कोणत्याही चर्चमध्ये किंवा संग्रहालयात वापरू नये. ग्रुनिंगे संग्रहालयात चित्रकार यान फान आइकचे 1436 मधले, धर्मगुरू फान डेर पेले याच्यासह मेरीचे चित्र आहे. त्यातील संत जॉर्जच्या चिलखतावरची प्रतिबिंबे अगदी जवळून पाहावीत. ढालीवर एक इवलीशी माणसाची आकृती आहे, ती खुद्द चित्रकाराची असावी असे मानतात. खिडकीच्या एका बाजूने येणारा उजेड धातूवर, भरजरी कापडावर आणि म्हाताऱ्या धर्मगुरूच्या सुरकुत्यांवर कसा वेगवेगळा पडतो, हे येथे शिकायला मिळते.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत आणि आम्ही शाकाहारी आहोत. त्यांना झेपेल का? (सोलापूरच्या एक वाचक)

शहर सपाट आहे, चढउतार जवळजवळ नाहीत. त्रास होतो तो गोट्यांच्या फरसबंदीचा. जाड तळव्यांचे बूट घालावेत आणि मुक्काम जुन्या भागातच ठेवावा, म्हणजे दुपारी विश्रांती घेता येईल. हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का ते विचारावे, कारण जुन्या घरांतील जिने फार उभे असतात. बेल्फोर्टवर जाण्यासाठी 366 पायऱ्या आहेत, शेवटच्या तर दोरीला धरून चढाव्या लागतात. आई-वडिलांना खाली कॉफी घेऊन बसवावे आणि तरुणांनी वर जावे. एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, म्हणून वेळेचे तिकीट आधी काढावे.

खाण्याबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. आजही अनेक ठिकाणी तसेच चालते, तेव्हा वनस्पती तेलात तळले आहेत का, हे प्रत्येक दुकानात विचारूनच घ्यावे. वॉफलमध्ये अंडे असते. चीज क्रोकेट, सूप आणि पास्ता सहज मिळतात, परंतु सूपमध्ये मांसाचा अर्क नाही ना, हेही विचारावे. उपाहारगृहात पाणी बहुधा विकतच घ्यावे लागते आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांना पैसे पडतात, म्हणून युरोची सुटी नाणी खिशात ठेवावीत.